तुळशीच्या काडीवरचा लाल चतुर

ताई,

प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय, वडिलांना जाऊन तीन आठवडे झाले. दहाव्यानंतर दोन दिवसांनी बाल्कनीतल्या तुळशीच्या वाळक्या काडीवर एक लाल चतुर दिसला आणि तेव्हापासून तो रोज सकाळी तिथेच येऊन बसतो. आत्या म्हणतात, दादाच आलाय. भाऊ म्हणतो, खुळेपणा आहे. त्यात परवा रात्री दुसरा एक चतुर ट्यूबलाइटवर आपटून हॉलमध्ये मरून पडला आणि ओळखीच्या एका गुरुजींनी लगेच शांत सुचवली. इंटरनेटवर शोधलंत तर 'परिवर्तन', 'पूर्वजांचा संदेश', 'भ्रमातून मुक्ती' असं काय काय निघालं. शेवटी तुम्ही विचारलंय, चतुर घरी येण्याचा नेमका आध्यात्मिक अर्थ काय?

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. गेली बावीस वर्षं चतुर आणि टाचण्या (चतुराचे बारीक, नाजूक भाऊबंद) यांच्या नोंदी ठेवते, मुलांना घेऊन तळ्यांवर, ओढ्यांवर जाते. तुमच्यासारखा प्रश्न मला दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी येतो, आणि विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा नुकतंच कोणीतरी गेलेलं असतं. म्हणून आधी एक सांगते. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तो चतुर तिथेच का येतो? लोकांनी आजवर चतुरात काय काय पाहिलं? आणि आता तुम्ही काही करायला हवं का? पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आणि मजेदार आहे. तिसरं सगळ्यात सोपं, पण तेच तुम्हाला झोपू देत नाहीये असं दिसतं.

फोटो नाही, त्यामुळे जात सांगता येणार नाही. आपल्याकडे लाल चतुर एकापेक्षा जास्त आहेत. लालभडक असला तर एक, गुलाबी-जांभळट झाक असली तर दुसरा. पण अंगभर लाल म्हणजे बहुधा वयात आलेला नर. या चतुरांचे नुकतेच पंख फुटलेले नर आणि माद्या पिवळट असतात, नर पिकत जातो तसा लाल होतो. म्हणजे 'दादा' म्हणण्यात नर की मादी एवढं तरी आत्यांचं चुकलेलं नाही.

हे नर जागा धरून बसतात. पाण्याच्या आसपास एखादी उघडी, वाळकी, टोकदार काडी निवडायची, तिथून उडायचं, माशी-डास पकडायचा, दुसरा नर आला तर हुसकावायचा आणि परत त्याच टोकावर येऊन बसायचं. हिरव्या पानांच्या गर्दीपेक्षा त्यांना वाळकं टोक आवडतं, कारण तिथून चारी बाजू दिसतात. तुमच्या सोसायटीमागे ओढा आहे, बाल्कनी पूर्वेला आहे, सकाळचं ऊन थेट कुंडीवर येतं, आणि तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्यांच्या काड्या कोणी छाटलेल्या नाहीत. चतुराच्या नजरेने ही पहिल्या रांगेतली खुर्ची आहे. आणखी एक विचारते, रागावू नका. एरवी ती तुळस छाटायचं काम बाबांकडे होतं का? असेल, तर ती काडी या तीन आठवड्यांत तिथे का राहिली, त्याचं उत्तर त्यातच आलं.

तुम्ही लिहिलंय की ऊन चढलं की तो 'शेपटी वर करून नमस्कार करतो'. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून पाहत उभी राहते. डोकं खाली, पोट सरळ आकाशाकडे, अगदी शीर्षासन. सूर्य डोक्यावर आला की अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून तो स्वतःला असा उभा करतो. मध्येच पुढच्या पायांनी डोळे पुसतो, तोंड धुऊन गंध लावायला बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. हे जवळून पाहताना कोणाची तरी आठवण येते, यात खुळेपणा काही नाही. भावाला सांगा.

रात्रीचा, ट्यूबलाइटवर मेलेला चतुर मात्र वेगळा असावा. पिवळट-तांबूस, रुंद पंखांचा होता का? असला तर तो भाद्रपदात माळावर, मैदानावर शेकड्यांनी घिरट्या घालणारा भटक्या चतुर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. हा दिवसा सहसा बसतच नाही. रात्री प्रवासात दिव्याने चकवला की घरात शिरतो आणि काचेवर, नळीवर आपटून दमून मरतो. त्याची गोष्ट पुढे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात विलक्षण धागा या फुटकळ वाटणाऱ्या किड्याकडेच आहे.

आता लोकांनी काय पाहिलं ते. 'आध्यात्मिक अर्थ' म्हणून इंटरनेटवर जी यादी मिळते ती कोणा एका परंपरेची नाही. चार देशांच्या चार गोष्टी एका भांड्यात ढवळल्यात. त्या वेगळ्या केल्या की प्रत्येकीला आपापली माती दिसते.

युरोपात चतुर बराचसा बदनाम होता. इंग्रजीत त्याला सैतानाची रफूची सुई म्हणत, आणि खोटं बोलणाऱ्या मुलांची तोंडं ती शिवून टाकते अशी भीती घालत. रोमानियात तो सैतानाचा घोडा. पोर्तुगीज नावाचा अर्थ डोळे काढणारा. स्वीडिश नाव म्हणजे ट्रोल नावाच्या भुतांची सूत कातायची चाती. वेल्श भाषेत तो सापाचा गडी, तर अमेरिकेच्या दक्षिण भागात सापाचा वैद्य, जखमी सापाला टाके घालणारा. लांब बारीक पोट सुईसारखं दिसतं आणि दलदलीच्या ज्या गवतात साप असतात तिथेच चतुरही असतो, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं. प्रत्यक्षात त्याला नांगी नसते. मोठा चतुर हातात धरला तर जबड्याने चिमटा काढेल, बस. व्हिएतनाममधली पोरं तर तो मुद्दाम काढून घेतात, तेही बेंबीला. बेंबीला चतुर चावला की चार दिवसांत पोहता येतं, अशी तिथली म्हण आहे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला कोरड्या मुलखात होपी, झुनी, नवाहो हे लोक राहतात. तिथे चतुर म्हणजे पाणी. भांड्यांवर, खडकांवर तो कोरलेला दिसतो, उभ्या रेघेवर दोन आडव्या रेघा. वाळवंटात चतुर दिसला की जवळ झरा आहे हे कळतं, मग तो शुभ ठरणारच. आपल्याकडे आषाढात दारात पाणी तुंबतं, तिथे हा अर्थ उगवलाच नसता.

जपानमध्ये जरा थांबू या, कारण चतुराला इतकं मानाचं पान मला दुसरीकडे दिसलेलं नाही. त्या देशाचं एक जुनं नावच आकित्सुशिमा, म्हणजे चतुरांचं बेट. इसवी सन ७२० च्या 'निहोन शोकी' या बखरीत गोष्ट आहे. सम्राट जिम्मू टेकडीवर चढून आपला मुलूख पाहतो आणि म्हणतो, हा तर जोडीत अडकलेल्या चतुरांसारखा दिसतोय. डोंगरांनी वेढलेलं यामातोचं मैदान त्याच्यासमोर होतं. नर-मादी एकमेकांना धरून जे कडं करतात ते तुम्ही ओढ्यावर पाहिलं असेल तर उपमा लगेच पटेल. ७१२ च्या 'कोजिकी'त दुसरी कथा आहे. शिकारीला गेलेल्या सम्राट यूर्याकूच्या दंडाला गोमाशी चावते, तेवढ्यात चतुर येऊन तिला उचलून नेतो. सम्राट खूश होतो आणि चतुरावर गाणं रचतो. पुढे सामुरायांनी त्याला 'विजयाचा किडा' केलं आणि शिरस्त्राणांवर, तलवारीच्या साजावर मिरवलं. होंदा तादाकात्सू या सरदाराच्या भाल्याचं नाव तोम्बोगिरी होतं. पात्यावर येऊन बसलेल्या चतुराचे दोन तुकडे झाले, इतकी त्याला धार, अशी आख्यायिका. चतुर कधी मागे उडत नाही, म्हणून तो योद्ध्याचं चिन्ह. (उडतो हो. मी कितीदा तरी पाहिलाय. पण कुठल्या सामुरायाला हे सांगणार?) विजयाचं मात्र खरं आहे. प्रयोगांत चतुराने झडप घातलेल्या शंभरातले साधारण ९५ किडे हाती लागल्याची नोंद आहे. वाघाला हे जमत नाही.

आणि आता तुमच्या हॉलमध्ये मेलेल्या त्या चतुराकडे येते. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्याला ओबोन असतो. ते पितर घरी येण्याचे दिवस, आपल्या पितृपक्षाचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ म्हणा. त्याच सुमाराला तिथे आकाशात एक पिवळट चतुर थव्याने दिसतो. त्याला शोर्यो तोम्बो म्हणतात, म्हणजे पितरांचा चतुर. पितर त्याच्या पाठीवर बसून येतात, म्हणून त्या दिवसांत पोरांनी त्याला पकडायचं नाही. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. तोच.

हा किडा दर वर्षी दक्षिणेकडून पिढ्यांमागून पिढ्या सरकत जपानपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या थंडीत मरून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा नवे येतात. आपल्याकडे तो मॉन्सूनबरोबर येतो, पावसाने साठलेल्या डबक्यांत अंडी घालतो आणि पाऊस मागे फिरला की निघतो. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं, की त्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नसताना दर ऑक्टोबरात चतुरांचे थवेच्या थवे उतरतात. त्यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपल्या आणि २००९ साली मांडलं, की हे चतुर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि पुढच्या पिढ्या पावसाच्या वाऱ्यांबरोबर परत येतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर. जेमतेम दीड-दोन इंचाचा जीव, आणि फेरी एकट्याची नाही, चार पिढ्यांची मिळून.

म्हणून त्या मेलेल्या चतुराला अपशकुन म्हणणं मला जमत नाही. समुद्र ओलांडायला निघालेला प्रवासी तुमच्या दिव्याने चुकला, एवढंच झालं.

आपल्या परंपरेत पितरांचा निरोप्या कावळा. पिंडाला तो शिवतो की नाही, इकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. चतुराला ती नेमणूक नाही. बावीस वर्षांत गावोगाव मला चतुराबद्दल सगळ्यात जास्त ऐकू आलं ते पावसाचं. खाली उडायला लागले की पाऊस येणार. व्हिएतनाममध्येही तंतोतंत हीच म्हण आहे. खाली उडाले तर पाऊस, उंच उडाले तर ऊन, मधोमध असले तर मळभ. केरळात ओणमच्या सुमाराला दिसणाऱ्या ठिपकेदार पंखांच्या चतुराचं नावच ओणत्तुंबी. तुंबी म्हणजे चतुर, आणि ओणममध्ये बायका फेर धरून जो तुंबितुळ्ळल नाचतात त्यातही तीच.

आणि आपल्या लहानपणी चतुर म्हणजे हेलिकॉप्टर. शेपटीला दोरा बांधायचा आणि उडवायचा. मल्याळी पोरं त्याच्याकडून खडे उचलवून घेतात. तिथे 'तुंबीकडून दगड उचलवून घेणं' हा लहानग्यांना राबवण्यासाठीचा वाक्प्रचारच झालाय. मीही दोरा बांधलाय. आठवीत असेन. आजीने पाहिलं, दोरा सोडवला आणि मारण्याऐवजी मांडव्य ऋषींची गोष्ट सांगितली. महाभारताच्या आदिपर्वातली. मांडव्यांना चोर समजून राजा सुळावर चढवतो. नंतर ते यमधर्माला जाब विचारतात, माझं असं कोणतं पाप होतं? धर्म म्हणतो, लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या. मांडव्य संतापतात. अजाण वयातल्या चुकीला एवढी शिक्षा? ते धर्मालाच शाप देतात की तू दासीच्या पोटी जन्म घेशील (तोच पुढे विदुर झाला), आणि नियम घालून देतात की चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरलं जाणार नाही. मूळ शब्द 'पतंगक' आहे, म्हणजे उडणारा किडा. चतुरच असं छातीठोक म्हणता येत नाही. पण शेपटीत काडी खुपसायला सोयीचा किडा कोणता, हे आपल्या पिढीला सांगायला नको. गोष्ट संपल्यावर आजीने माझं वय विचारलं होतं. तेरा सांगितल्यावर म्हणाली, मग अजून एक वर्ष आहे तुझ्याकडे, पण नको करूस.

राहता राहिलं ते इंटरनेटवरचं 'परिवर्तन'. इंग्रजी जगात मृत्यू लहान मुलांना समजावण्यासाठी एक छोटी बोधकथा सांगतात. तळ्याच्या तळाशी राहणारे किडे एकमेकांना वचन देतात, की जो देठावरून वर जाईल त्याने परत येऊन सांगायचं वर काय आहे. एक जातो, त्याचा चतुर होतो. त्याला खाली सगळे दिसतात, पण पंख फुटल्यावर पाण्यात शिरता येत नाही. 'चतुर म्हणजे गेलेलं माणूस' असं इंग्रजी पानांवर जे सर्रास दिसतं, त्यात या कथेचा वाटा मोठा आहे. पौराणिक वगैरे काही नाही, तशी अलीकडची आहे. पण कथा खोटी नाही, कारण किडा खरोखर तसंच करतो.

मी ते पाहिलंय. एका शेतातल्या सिमेंटच्या टाकीवर, सप्टेंबरची रात्र, टॉर्चला लाल कागद गुंडाळलेला. नऊच्या सुमाराला चिखलाच्या रंगाचा एक किडा पाण्यातून बाहेर आला आणि लव्हाळ्याच्या पात्यावर पाऊण वीत चढून थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग पाठ उभी उसवली. त्यातून डोकं आलं, पाय आले आणि अर्धं अंग मागे लोंबकळत राहिलं. तसाच निपचित, वीसेक मिनिटं. मला वाटलं मेला. मग एकदम उसळून त्याने स्वतःचंच रिकामं कवच धरलं आणि उरलेलं पोट ओढून बाहेर काढलं. पंख ओल्या कागदाच्या बोळ्यासारखे होते. ते उलगडत गेले, आधी दुधाळ, मग पारदर्शक. पहाटे तो गेला. पात्यावर कवच राहिलं, आणि त्याच्या फाटीतून बाहेर आलेले पांढरे धागे. ती आत श्वास नेणाऱ्या नळ्यांची अस्तरं. फुलपाखरासारखा कोष नाही, झोप नाही. पाण्यातला जीव सरळ हवेतला होतो. हे पाहिलेल्या माणसाला मृत्यू आठवला नाही तरच नवल.

तर एवढा पसारा पाहिल्यावर माझं मत असं झालंय. 'चतुराचा अर्थ काय' याला एकच उत्तर नाही. ज्याने ज्या गरजेच्या वेळी त्याच्याकडे पाहिलं, त्याला तो तसा दिसला. तहानलेल्याला पाणी, योद्ध्याला विजय, पोरांना धाक घालणाऱ्याला सुई. पितरांची वाट पाहणाऱ्याला पितर. तुम्हाला बाबा दिसतात, कारण तीन आठवड्यांत तुम्ही दुसरं काही शोधत नाही आहात. हे मी हिणवून म्हणत नाही. पण हा अर्थ तुमच्या घरातून त्याच्यावर गेलाय, त्याच्याकडून तुमच्यावर बंधन म्हणून येत नाही. कोणी त्या अर्थाचं बिल फाडायला लागलं की सावध व्हा.

म्हणजे शांत करू नका. तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे जे दिवसकार्य असेल ते करा, त्यात मी पडत नाही, पण चतुर मेला म्हणून वेगळं काही नाही. रात्री पुन्हा शिरला तर हॉलचा दिवा घालवा, बाल्कनीचं दार उघडा आणि बाहेरचा दिवा दोन मिनिटं लावा. नाही गेला तर चारही पंख पाठीवर मिटवून दोन बोटांत हलके धरा आणि झाडावर ठेवा. अंगाला हात लावू नका. आत्यांनी ठेवलेली पाण्याची वाटी राहू दे, फक्त रोज पाणी बदला, नाहीतर डास होतील. आणि हो, त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. त्यांचा भाऊ गेलाय.

भावाला एक गंमत सांगा, त्याला आवडेल. हंगेरीतल्या एका दफनभूमीत चतुर काळ्या गुळगुळीत थडग्यांभोवती घिरट्या घालतात, हे अभ्यासकांच्या लक्षात आलं. २००७ साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. कारण असं की पॉलिश केलेल्या काळ्या दगडावरून परतणारा प्रकाश चतुराला पाण्यासारखा दिसतो. गाडीच्या चकचकीत बॉनेटवर चतुराच्या माद्या अंडी घालताना दिसतात त्याही याच फसगतीने. म्हणजे थडग्यावर चतुर येतो हे श्रद्धाळू माणसाचंही खरं आणि तुमच्या भावाचंही. तुमच्या कुंडीखाली काळा कडप्पा असेल तर तो जरा जाडसर पोत्याने झाका, इतकंच.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. चतुराचं पंखांचं आयुष्य काही आठवड्यांचं. शिवाय नर बदलतात, एक हटला की दुसरा तीच काडी धरतो. आज बसलेला पहिल्या दिवशीचाच आहे, असं नाही. पाऊस ओसरला, ओढा आटला की कोजागिरीच्या पुढेमागे एका सकाळी काडी रिकामी दिसेल. त्या दिवशी बाबा रुसले, आपलं काही चुकलं, असं घरात कोणी म्हणायला लागेल. तेव्हा हे उत्तर काढून वाचा. ऋतू संपला म्हणून तो गेलेला असेल.

फोटो मिळाला तर टाका, पंखांच्या शिरा लाल आहेत का ते पाहून जात सांगते. आणि तुळस छाटायची वेळ झाली असली तरी ती एक काडी एवढ्यात कापू नका.